रॅक क्रमांक चौदावरील आद्याक्षरे बदलण्याबाबत

दिनांक : १२ सप्टेंबर

प्रति,
मा. मुख्य अभियंता, तांत्रिक सुरक्षा शाखा,
रुग्णवाहिका दूरध्वनी केंद्र,
तिसरा मजला.

विषय : उपकरण कक्ष क्र. २ मधील रॅक क्र. १४ च्या सदोष केबल बांधणीची जबाबदारी कै. वरिष्ठ जोडारी यांच्या नावावरून काढून खाली सही करणाऱ्याच्या नावावर घेण्याबाबत.

संदर्भ : १) तीन वर्षांपूर्वीचा चौकशी अहवाल, पृष्ठे ९ ते १४.
२) माझे दि. ११ ऑगस्ट व दि. २२ ऑगस्टचे अर्ज आणि त्यांवरील प्रशासन शाखेची उत्तरे.

महोदय,

१. मी या केंद्रात एकतीस वर्षे केबल जोडारी म्हणून काम करीत असून येत्या ३० तारखेस सेवानिवृत्त होत आहे. निवृत्तीनंतर कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकात प्रतिकूल नोंद घेता येत नाही, असे मला सांगण्यात आले. त्यामुळे हातात अठरा दिवस आहेत. या अठरा दिवसांत माझ्या सेवापुस्तकात प्रतिकूल नोंद घेण्यात यावी, अशी माझी विनंती आहे. आपल्या वाचण्यात चूक झालेली नाही. विनंती तीच आहे.

२. आपण स्वतः अभियंता आहात, तेव्हा रॅक म्हणजे काय हे आपणास सांगणे हा आगाऊपणा होईल. परंतु हा अर्ज प्रशासन शाखेच्या टेबलांवरूनही जाणार आहे, म्हणून थोडक्यात लिहितो. रॅक म्हणजे माणसाच्या उंचीचे लोखंडी कपाट. पुढच्या बाजूने यंत्रे बसवतात आणि मागच्या बाजूने शे-दोनशे केबली येतात. त्या केबलींना वाट करून देणे, त्या कोठे काचू न देणे, ताणू न देणे, विजेच्या दोरांपासून फोनच्या केबली वेगळ्या ठेवणे आणि सगळे इतके नीट बांधणे, की दहा वर्षांनी दार उघडणाऱ्याला कोणती केबल कोठून कोठे गेली ते डोळ्यांनी दिसावे, हे आमचे काम. काम पूर्ण झाले की बांधणाऱ्याने मागच्या दाराच्या आत एक लेबल चिकटवून त्यावर तारीख आणि आपली आद्याक्षरे घालायची, असा नियम आहे. पुढे जे काही होईल त्याला तो माणूस जबाबदार.

३. कै. वरिष्ठ जोडारी हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे भावजी. मला या कामात त्यांनीच आणले. त्यांच्या लग्नाच्या वेळी मी घरी रिकामा बसलेला होतो. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्यांनी माझ्या हातात पक्कड दिली आणि म्हणाले, "चल, नुसता बसून गंजशील." कक्षातले लोक त्यांना 'ओळंबा' म्हणत, कारण त्यांनी बांधलेल्या केबली गवंड्याच्या ओळंब्यासारख्या सरळ खाली उतरत. मला 'झटपट' म्हणत. पहिली काही वर्षे मला हे कौतुक वाटत असे.

भावजींची एक सवय येथे नोंदवणे आवश्यक आहे. केबली बांधायला प्लॅस्टिकचे टाय वापरतात. टाय आवळला की त्याचे शेपूट उरते, ते कापावे लागते. भावजी ते अगदी डोक्याशी सपाट कापत आणि वरून अंगठा फिरवून पाहत. तिरके कापले तर टोक सुरीसारखे राहते आणि मागून हात घालणाऱ्याचे मनगट सोलून निघते. "आपल्यानंतर कोणाचा तरी हात येणार आहे इथे," असे ते म्हणत. माझी शेपटे आयुष्यभर तिरकीच कापली गेली. त्यावरून त्यांनी मला किती वेळा टोकले, याची गणती नाही.

४. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत ताईच्या छातीत गाठ निघाली. उपचार सुरू झाले. ज्या दिवशी उपचार असत त्या दिवशी तिच्याबरोबर दिवसभर कोणीतरी असावेच लागे, आणि भावजींची रजा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच संपली. १८ फेब्रुवारीच्या रजेच्या अर्जावर 'शिल्लक नाही' असा शेरा येऊन तो परत आला. आदल्या दिवशी दुपारच्या चहाला ते कप हातात धरून बसले होते. पीत नव्हते. म्हणाले, "उद्या तिला एकटीला पाठवावं लागणार असं दिसतंय." मी म्हणालो, "भावजी, तुम्ही जा. तुमचा चौदा मी बघतो. हजेरीचंही बघतो." ते नको म्हणाले. मी पुन्हा म्हणालो. माझी बहीण होती ती. शेवटी ते हो म्हणाले.

दि. १८ फेब्रुवारी रोजी हजेरीपटावर त्यांच्या नावापुढची सही मी केली. हा गुन्हा आहे, याची मला तेव्हाही कल्पना होती.

५. त्या दिवशी रॅक क्र. १३ माझ्याकडे आणि क्र. १४ भावजींकडे होता. दुपारी चार वाजता यंत्रे चालू करणारे लोक येणार होते. मी तेरा नीट बांधला, त्यात अडीच वाजले. चौदासाठी दीड तास उरला. चौदामध्ये फोन उचलणारे मुख्य यंत्र होते. त्याला विजेचे दोन दोर असतात. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर यंत्र चालावे, म्हणून एक दोर डाव्या बाजूने आणि दुसरा उजव्या बाजूने उतरवायचा, हा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा धडा आहे. डाव्या बाजूने दोर उतरवायची पन्हळ बसवलेलीच नव्हती. ती बसवायला पाऊण तास गेला असता. मी दोन्ही दोर उजव्या बाजूच्या एकाच भोकातून काढले. पत्रा कापून केलेल्या भोकाला कडेने रबरी रिंग घालावी लागते, नाहीतर पत्र्याची धार दोर कापत राहते. माझ्या पिशवीत रिंग नव्हती. खाली भांडारात गेलो, तर खिडकी बंद होती. अर्ध्या तासाने या, अशी पाटी लावलेली होती. मी अर्धा तास थांबलो नाही. दोन्ही दोर एकत्र करून टायने घट्ट आवळले, शेपटे कापली, लेबल लावले आणि त्यावर भावजींची आद्याक्षरे घातली. चारला पाच मिनिटे कमी होती. मी स्वतःवर खूश होतो, हेही लिहितो. दोन माणसांचे काम एका माणसाने वेळेत केले होते.

६. दुसऱ्या दिवशी सकाळी भावजी आले. रात्रभर जागरण झालेले दिसत होते. त्यांनी आधी ताईचे सांगितले, तिला किती त्रास झाला ते. मग विचारले, "चौदा कसा झाला?"

मी म्हणालो, "तुमच्यासारखा."

महोदय, या अर्जातील मुख्य कबुली ही आहे. बाकीचे घाईत झाले. हे घाईत झालेले नाही. चालू रॅकचे मागचे दार परवानगीशिवाय उघडता येत नाही, त्यामुळे ते स्वतः जाऊन पाहू शकत नव्हते. त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. मी खरे सांगितले असते, तर त्यांनी त्याच दिवशी परवानगी काढून ते दोर बदलले असते. पुढचे सात महिने मी रोज त्या दारासमोरून गेलो. पहिले काही दिवस मनात येई, की एकदा सांगून टाकावे. मग येईनासे झाले.

७. दि. २३ सप्टेंबर रोजी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी रॅक क्र. १४ बंद पडला. पंख्यांच्या थरथरीने दोन्ही दोर सात महिने पत्र्याच्या धारेवर घासत होते. एक कापला गेला, ठिणगी उडाली आणि तिने शेजारचाही जाळला. सदतीस मिनिटे केंद्राचे फोन लागत नव्हते. त्या वेळात एकोणीस जणांनी फोन केले. अठरा जणांना पुढे मदत मिळाली. एकोणिसावे घर एका शिंप्याचे होते. त्याच्या छातीत कळ आली होती आणि त्याच्या पत्नीने सात वेळा फोन फिरवला. शेवटी शेजाऱ्यांनी त्याला हातगाडीवर घालून नेले. तो वाटेत गेला. रुग्णवाहिका वेळेवर पोहोचली असती तर तो वाचलाच असता असे निश्चित सांगता येत नाही, असे डॉक्टरांनी अहवालात लिहिले आहे. मी ते वाक्य अनेकदा वाचले आहे. वाचला नसता, असेही त्यात लिहिलेले नाही.

८. चौकशीच्या दिवशी आम्ही दोघे तिसऱ्या मजल्यावरील बाकावर बसलो होतो. त्याआधी भावजींना जळालेल्या बांधणीचा फोटो दाखवण्यात आला होता. त्यांनी पाहताक्षणी ओळखले असणार. मग म्हणाले, "रिंग का नाही घातलीस?" मी म्हणालो, "भांडार बंद होतं." ते म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

शिपायाने त्यांचे नाव पुकारले. उठता उठता ते हळू आवाजात म्हणाले, "हजेरीचं काही बोलू नकोस. खोटी हजेरी निघाली तर दोघंही घरी बसू, आणि हिचे उपचार अर्धवट राहतील. माझं एक वर्ष राहिलंय, तुझी तीन आहेत. काम माझं होतं. मी तिथे असायला हवं होतं."

आत त्यांना विचारण्यात आले, ही आद्याक्षरे आपली आहेत काय. त्यांनी होय म्हणून सांगितले. दोन्ही दोर एका भोकातून का काढले, असे विचारल्यावर ते म्हणाले, "चूक झाली." अहवालात एवढेच आहे. त्यानंतर मला साक्षीसाठी बोलावले. रॅक क्र. १४ कोणी बांधला, या प्रश्नावर मी दिलेले उत्तर अहवालाच्या पृष्ठ ११ वर शब्दशः आहे : "लेबलवर ज्यांचं नाव आहे त्यांनी." उत्तर देताना माझा आवाज नेहमीसारखाच होता.

९. दि. १ डिसेंबरपासून भावजींना केबल कामावरून काढून भांडारात बसवण्यात आले. एकोणचाळीस वर्षे ज्यांनी हातात पक्कड धरली, ते खिडकीमागे बसून चिठ्ठ्या पाहून सामान देऊ लागले. ते कुरकुरले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत खिडकी बंद ठेवायची पद्धत मात्र त्यांनी मोडली. तिथेच बसून डबा खात. आम्ही एकमेकांशी बोलत होतो. ताईच्या तब्येतीबद्दल, हवेबद्दल, पाण्याच्या टाकीबद्दल. चौदाबद्दल एक शब्द नाही. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, खिडकीतच त्यांचे हृदय बंद पडले. निवृत्तीला चार महिने होते. त्यांचे हृदय आधीपासूनच कमजोर होते असे डॉक्टर म्हणाले. ते या प्रकरणामुळे गेले, असा माझा दावा नाही. तसा दावा करण्याचा अधिकार मला नाही.

लोक भेटायला येत होते, त्यांत एक दिवस एक अनोळखी बाई आल्या. ताईजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मी शिंप्याची बायको." ताई त्यांच्याकडे वळली. त्या म्हणाल्या, "ते माझ्याकडे दर महिन्याला यायचे. पहिल्यांदा आले, आणि माझ्या हातून चूक झाली असं म्हणाले, तेव्हा मी तोंडावर दार लावून घेतलं. पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मी पाणी दिलं. आता दुकान मीच चालवते. शिलाई मशीनच्या खाली वायरी लोंबायच्या, माझा पाय अडकायचा. एक दिवस खाली बसून त्यांनी सगळ्या बांधून दिल्या." त्या वेळी मी चहाचे कप घेऊन दारात उभा होतो. मी कप ठेवले आणि बाहेर गेलो.

१०. भावजींची मुलगी, म्हणजे माझी भाची, या वर्षी निवड परीक्षा देऊन स्वतःच्या गुणांवर या केंद्रात प्रशिक्षणार्थी जोडारी म्हणून लागली. दि. ४ ऑगस्ट रोजी प्रशिक्षण वर्गात, 'बांधणीतील चुका' या तासाला, शिक्षकांनी भिंतीवर एक फोटो दाखवला. गेली तीन वर्षे प्रत्येक तुकडीला हाच फोटो दाखवला जातो. जळालेले दोर, भोक, टाय आणि उघड्या दारावरचे लेबल. लेबलवरची आद्याक्षरे मागच्या बाकावरूनही वाचता येतात. शिक्षक नवीन आहेत. ती कोणाची मुलगी, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांचा यात काडीचाही दोष नाही. त्यांनी विचारले, "यात किती चुका आहेत, कोण सांगेल?"

कोणी हात वर करीना. भाची उभी राहिली. वर्गातल्या इतर प्रशिक्षणार्थींनी मला सांगितले, तसे लिहितो. ती म्हणाली, "भोकाला रिंग नाही, ही एक. विजेचे दोन्ही दोर एकाच बाजूने काढलेत, ही दोन. टाय इतका आवळलाय की दोर दबलाय, ही तीन." शिक्षक म्हणाले, "शाब्बास, तीनच आहेत." ती म्हणाली, "नाही सर, चार आहेत. लेबल चुकीचं लावलंय."

वर्ग हसला. शिक्षकही हसले. ती खाली बसली.

त्याच संध्याकाळी पाळी संपताना ती माझ्या कामाच्या टेबलाशी आली. मी नुकत्याच कापलेल्या टायच्या शेपटांचा कचरा पडला होता. त्यातले एक तिने उचलले, तळहातावर ठेवले आणि माझ्यापुढे धरले. "मामा," ती म्हणाली, "बाबा कधी टाय तिरका कापायचे का?"

मी म्हणालो, "नाही."

तिने ते शेपूट परत टेबलावर ठेवले आणि गेली. त्यानंतर कामापुरते सोडून ती माझ्याशी बोललेली नाही. या मुलीला मी खांद्यावर बसवून फिरवले आहे.

११. मी ताईकडे गेलो. एवढे सगळे झाल्यावर पहिल्यांदा तिला सांगायला बसलो. निम्मे सांगून झाले असेल, तेव्हा ती म्हणाली, "मला माहीत आहे. चौकशी झाली त्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं. म्हणाले, तुझ्यासाठी त्याने केलं होतं, त्याच्यावर राग धरू नकोस. मी धरला नाही." मग थोडा वेळ ती पदराच्या काठाशी चाळा करत राहिली. "पण मी वाट बघत होते रे. तू जेव्हा जेव्हा यायचास, तेव्हा वाटायचं, आज सांगेल. तू यायचास, चहा प्यायचास, जायचास. ते असेतोवर ते पण वाट बघत होते."

मी तिचे पाय धरले. तिने मला उठवले आणि म्हणाली, "मला सांगून काय होणार? जिथे त्यांचं नाव लिहिलंय तिथे जाऊन सांग."

१२. त्याप्रमाणे मी दि. ११ ऑगस्ट रोजी अर्ज केला. उत्तर आले, की चौकशीच्या निष्कर्षाविरुद्ध दाद मागण्याचा अधिकार फक्त संबंधित कर्मचाऱ्यास आहे, सबब संबंधित कर्मचाऱ्याने स्वतः समक्ष हजर राहून अर्ज करावा. संबंधित कर्मचारी मयत असल्याचे माझ्या अर्जाच्या पहिल्याच ओळीत होते. दि. २२ ऑगस्ट रोजी मी स्वतःविरुद्ध तक्रार म्हणून दुसरा अर्ज केला. त्यावर कळवण्यात आले, की संगणकावरील तक्रार नोंदणीत तक्रारदार आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो कर्मचारी, यांचे क्रमांक वेगवेगळे असणे बंधनकारक आहे; एकच क्रमांक दोन्ही रकान्यांत घातल्यास यंत्रणा तो स्वीकारत नाही. कोणा सहकाऱ्यामार्फत तक्रार करावी, असे सुचवण्यात आले. मी तीन सहकाऱ्यांना विनंती केली. तिघांनीही मला चहा पाजला आणि नकार दिला.

शेवटी मी स्वतः प्रशासन शाखेच्या खिडकीशी गेलो. तेथील लिपिक भला माणूस आहे. त्याने चष्मा काढून माझ्याकडे पाहिले. म्हणाला, "काका, इथे लोक नाव काढून घ्यायला येतात. तुम्ही पहिलेच, जे घालून घ्यायला आलात. थोडे दिवस राहिलेत, हारतुरे घ्या आणि गप घरी जा. गेलेल्या माणसाला आता काय फरक पडतो?" तो हे प्रेमाने म्हणाला. त्याला काय उत्तर द्यावे, हे मला त्या वेळी सुचले नाही. आता लिहितो. गेलेल्या माणसाला फरक पडत नसेल. त्याच्या मुलीला पुढची पस्तीस वर्षे याच इमारतीत काम करायचे आहे आणि तो फोटो दर सहा महिन्यांनी भिंतीवर लागणार आहे.

१३. गेल्या रविवारी मी शिंप्याच्या दुकानात गेलो. शिंपीणबाई शिवत होत्या. मशीनखालच्या वायरी मागच्या पायाला लावून सरळ खाली उतरवलेल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. त्यांनी मशीन थांबवले नाही. ओळ पूर्ण केली, दोरा तोडला आणि मग मान वर केली. मला वाटले, शिव्या देतील. त्या मी घेतल्या असत्या. त्या म्हणाल्या, "मग ते का येत होते?"

त्यांनी सुईत पुन्हा दोरा ओवला. त्या म्हणाल्या, "तुम्ही येत जाऊ नका." मी मान्य केले.

१४. पुरावे म्हणून पुढील गोष्टी या अर्जासोबत जोडल्या आहेत. दि. १८ फेब्रुवारी रोजी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी पावणेसहा भावजी रुग्णालयात होते, हे दाखवणारी, सोबत आलेल्या नातेवाइकाची सही असलेली उपचारपत्रिका. त्याच दिवसाच्या हजेरीपटाची प्रत. दोन्हींवरील सह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. चौकशीतील फोटोची मोठी प्रत, ज्यात टायची तिरकी शेपटे दिसतात. भावजींनी बांधलेल्या रॅक क्र. ९ चा फोटो, आपल्या कार्यालयाच्या परवानगीने काढलेला. आणि ताईचे सहीचे निवेदन.

यावरून माझ्या विनंत्या अशा. भावजींच्या सेवापुस्तकातील 'निष्काळजी बांधणी' हा शेरा रद्द व्हावा आणि तो माझ्या सेवापुस्तकात तारखेसह लिहिला जावा. त्यासोबत खोटी हजेरी आणि खोटी साक्ष हेही लिहावे. प्रशिक्षण वर्गातील फोटो काढून टाकू नये. शिकवण्यासाठी तो चांगला आहे, आणि त्यात दिसणाऱ्या तिन्ही चुका खऱ्या आहेत. फक्त लेबलवर माझी आद्याक्षरे घालावीत, म्हणजे चौथी राहणार नाही. या सगळ्यासाठी जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. निरोप समारंभ ठेवण्यात येऊ नये, हेही नमूद करतो.

एकोणचाळीस वर्षांच्या सेवेत भावजींवर दुसरा एकही शेरा नाही. त्यांच्या हातचे एकशे बारा रॅक आजही चालू आहेत. आपण त्यांपैकी कोणत्याही एकाचे मागचे दार उघडून हात आत घालून पाहावा. कोठेही खरचटणार नाही.

१५. यात ताईचे आणि भाचीचे नाते येत असल्याने अर्जाचा मसुदा मी काल त्या दोघींना वाचायला दिला. ताईने वाचला आणि भाचीकडे सरकवला. भाचीने तो दोनदा वाचला. परिच्छेद ८ मध्ये, बाकावरच्या बोलण्याच्या शेवटी, मी एक वाक्य लिहिले होते : 'जाता जाता त्यांनी मला माफ केले.' तिने त्यावर बोट ठेवले आणि विचारले, "मामा, हे बाबा म्हणाले होते?"

ते तसे म्हणाले नव्हते. मीच तसे धरून चाललो होतो. मी तिला तसे सांगितले. ती म्हणाली, "मग काढ."

ते वाक्य काढून हा अर्ज पुन्हा स्वच्छ लिहून सादर करीत आहे.

३० तारखेपूर्वी आपल्या लेखी आदेशाची वाट पाहणारा,

आपला नम्र,
(सही)
केबल जोडारी, उपकरण कक्ष क्र. २
रॅक क्र. १३ व रॅक क्र. १४ बांधणारा